बाराव्या खणातली जोडवी

१

ट्रेमध्ये जोडव्यांचे बारा जोड होते, आणि बाराच असायला हवे होते. तरीही गजेंद्र म्हणत होता की दुकानात चोरी झाली.

"मोजा मास्तर. तुमीच मोजा," त्यानं मखमलीचा ट्रे वैजनाथ मास्तरांपुढे सरकवला.

मास्तरांनी मोजले. बारा खण, बारा जोड. मग गजेंद्रनं ट्रे उचलून काट्यावर ठेवला आणि कालच्या चिठ्ठीवरचं वजन दाखवलं. ट्रे हलका भरत होता.

"संध्याकाळी आमी नुसते जोड मोजतो. वजन सकाळी. आज सकाळी वजन केलं अन् हे असं. आता शेवटच्या खणातला जोड हातात घ्या."

मास्तरांनी तो घेतला आणि खिशातलं भिंग काढलं. बाकीचे अकरा जोड नवे, जाड, लखलखीत होते. हा बारावा झिजून पातळ झालेला. नक्षी तीच, पण बोटानं चाचपल्याशिवाय कळणार नाही इतकी पुसट. आतल्या बाजूला दोरा गुंडाळलेला होता आणि तो तेलामातीनं पार काळा पडला होता. जोडवी सैल झाली की बायका असा दोरा गुंडाळतात, हे मास्तरांना माहीत होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पोस्टमास्तर. खामगावच्या पोस्टात अडतीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते आणि गावात त्यांचं नाव होतं ते अर्धवट पत्त्याच्या पत्रांसाठी. 'लाल दाराचं घर, विहिरीच्या मागं' एवढ्यावर त्यांनी माणूस शोधून पत्र पोचवलेलं होतं. निवृत्तीनंतर पत्रं थांबली, पण लोक थांबले नाहीत. कुणाची हरवलेली सातबाऱ्याची प्रत, कुणाची बकरी, एकदा तर कुणाचा रुसून गेलेला जावई, सगळं शोधायला लोक मास्तरांकडेच येत. मास्तर वरवर कुरकुरत आणि मफलर गळ्यात टाकून लगेच निघत. त्यांना ही कुरकुर फार आवडायची.

"जुनी ठेवली अन् नवी नेली," गजेंद्र म्हणाला. "म्हणजे मोजताना समजू नाई. हे गिऱ्हाइकाचं डोकं नव्हे मास्तर, दुकानातल्या माणसाचं डोकं आहे. तो ट्रे दिवसभर एकाच माणसाच्या हातात होता."

"जयमाला," मास्तर म्हणाले.

"हाव. अन् तिले मी तुमच्या शब्दावर ठेवलं होतं."

जयमालाचा नवरा भागवत मास्तरांच्या हाताखाली पोस्टमन होता. तो गेला तेव्हा मास्तर स्वतः गजेंद्रकडे आले होते आणि 'या बाईची जबाबदारी माझी' एवढंच म्हणाले होते. त्याला सहा वर्षं झाली.

"कॅमेरा?"

"कॅमेऱ्यात डोकी दिसतात. पाय दिसत नाईत. जोडवी घालाले गिऱ्हाईक बसते खाली, पाटावर." गजेंद्रनं आवाज खाली आणला. "परवा बाजार आहे. दुकान भरून राह्यते. त्या दिवशी मी तिले चांदीपाशी उभी करू शकत नाई. काल मंगळसूत्राच्या गिऱ्हाइकापुढं मी तिले बोललो बी, ते चुकलंच माझं, पण आता बोललो ते बोललो. परवापर्यंत तुमी दुसरं कोणी दाखवा, नाईतर तिचा हिशेब करतो अन् मोकळा होतो."

"काल? पण समजलं तर आज सकाळी ना?"

"तिले फोनवर बोलताना पकडलं म्हणून बोललो काल. दुकानात फोन टेबलाच्या खणात ठेवाचा नियम आहे. आज हे निघालं, तवा पुन्हा बोललो. तवा तर सातआठ बायका होत्या."

मास्तरांनी वही उघडली. "काल या ट्रेमधली जोडवी कुणाकुणाला दाखवली?"

"तिघींले. एक स्वरदा मॅडम, पोस्टाच्या गल्लीतल्या, नवीन लग्न झालेल्या. दुसरी पिंपळगाव राजाची पायल, तिची आजेसासू तानुबाई संगं होती; पायलनं विकत घेतला त्या जोडाच्या जागी तेवढ्याच वजनाचा नवा ठेवला. अन् तिसरं..." गजेंद्र जरा अडखळला. "आपल्या काकू. तुमच्या घरच्या."

मास्तर हसले आणि त्यांनी वहीत दोनच नावं लिहिली. अडतीस वर्षांत त्यांनी एकही पाकीट न बघता बाजूला टाकलं नव्हतं. हे पहिलंच.

२

जयमाला मागच्या खोलीत रिकामे डबे पुसत बसली होती. तिला ट्रेपासून दूर ठेवलं होतं, हे न सांगताही कळत होतं.

"कसं झालं गं?" मास्तरांनी विचारलं.

"मले नाई माहीत काका."

"जोडवी घालून दाखवतेस तेव्हा नक्की काय करतेस, ते तरी सांग."

हे विचारल्यावर ती जरा मोकळी झाली. सवाष्णीचं बोट क्षणभरही उघडं ठेवायचं नाही, ही रीत. म्हणून जुनं जोडवं एका हातानं काढायचं आणि दुसऱ्या हातातलं नवं लगेच सरकवायचं. जुनं जातं ट्रेमधल्या रिकाम्या खणात. गिऱ्हाइकाला नवं पसंत पडलं तर जुनी पुडीत बांधून द्यायची, नाही पडलं तर तसंच उलट करायचं, नवं काढता काढता जुनं घालायचं.

"म्हणजे अदलाबदल तर प्रत्येक वेळी होतेच," मास्तर म्हणाले. "एखादीची उलटी करायची राहून गेली असेल."

जयमालाचा हात डब्यावर थांबला.

"कुणाची राहिली, आठवतंय?"

"नाई."

"जयमाला, गजेंद्र तुला काढून टाकेल. आणि चोर म्हणून काढेल. त्यानंतर या गावात कुठल्या दुकानात उभं करतील तुला? छकुलीची शाळा आहे पुढं."

"हो काका."

"मग?"

तिनं एकदाच वर पाहिलं, तेही मास्तरांच्या चेहऱ्याकडे नाही. त्यांच्या गळ्यातल्या मोरपंखी मफलरकडे पाहिलं आणि पुन्हा डबा पुसायला घेतला.

"मले आठवत नाई," ती म्हणाली.

माणूस खोटं बोलतो तेव्हा घाईनं बोलतो, असा मास्तरांचा अनुभव होता. जयमाला सावकाश बोलली होती. ती खोटं बोलत होती यात मात्र शंका नव्हती, आणि त्यामुळे मास्तरांना घरी जाताना रस्ता नेहमीपेक्षा लांब वाटला.

घरी शैलजाताई पायांत लोकरी मोजे घालून अंगणातल्या शेवटच्या उन्हात बसल्या होत्या. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, थंडी चांगली होती आणि हळदीकुंकवाला जाऊन आलेल्या बाईच्या पदराखाली तिळाचा लाडू असतो हे मास्तरांना ठाऊक होतं. शैलजाताईंना शुगरची गोळी चालू होती आणि गोड बंद होतं, म्हणजे मास्तरांसमोर बंद होतं.

"तू काल गजेंद्रकडे गेली होतीस. काही पाहिलंस का?"

"मला समोरचं माणूस धड दिसत नाही, मोतीबिंदू काढू काढू म्हणत तुम्ही दिवाळी घालवलीत, आणि मी पाहणार?" त्या म्हणाल्या. "निरांजन घेतलं. जोडवी बघितली, पण म्हटलं राहू दे, आता कुणाला दाखवायची आहेत. आले. का, काय झालं?"

मास्तरांनी सगळं सांगितलं. शैलजाताईंचा चेहरा उतरला.

"जयमाला असं करणार नाही हो. काल किती मायेनं पाय हातात घेऊन बसली होती."

"मलाही तसंच वाटतं. पण वाटण्यावर गजेंद्र ऐकायचा नाही."

"आज दुपारी आली होती ती फाटकाशी. मी म्हटलं ये, चहा घे, तर नुसती उभी राहिली आणि निघून गेली. मला वाटलं घाई असेल." त्या उठल्या, आत निघाल्या. मास्तरांना कालची गंमत आठवली. काल त्या दुकानातून आल्या त्या एकाच पायात चप्पल घालून. दुसरी फाटकाबाहेर पडलेली. 'चप्पल कुणाला दान केलीस?' म्हणून मास्तर केवढे हसले होते, आणि त्याही हसल्या होत्या.

आत्ता मात्र मास्तरांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. दोषी नसलेली बाई फाटकापर्यंत येऊन परत का जाते?

३

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेला निघालेली स्वरदा मास्तरांना दारातच भेटली. तिच्या लग्नाला दीड महिना झाला होता. मास्तरांनी न विचारताच तिचं नाव मनात खोडलं, कारण दीड महिन्यात जोडवी झिजत नाहीत. पण पत्रावरचा चुकीचा पत्तासुद्धा काहीतरी सांगत असतो, म्हणून त्यांनी विचारलं.

"त्या बाई चांगल्या आहेत हो काका," स्वरदा म्हणाली. "फक्त मधेच निघून गेल्या. मी थांबले होते माझ्या नंबरासाठी. त्या खाली बसून कुणाला तरी जोडवी घालत होत्या, तेवढ्यात कमरेचा फोन थरथरला. घाबऱ्या झाल्या, तशाच उठल्या आणि मागच्या दारानं बाहेर गेल्या. चारपाच मिनिटं लागली असतील. आल्या तोवर ते गिऱ्हाईक उठून गेलं होतं, मग गजेंद्रभाऊ ओरडले त्यांच्यावर."

"गिऱ्हाईक कोण होतं?"

"खांबाआड होते काका. मला पाठमोरा पदर दिसला फक्त. वयस्कर बाई होत्या."

वयस्कर. मास्तरांच्या वहीत आता एकच वयस्कर बाई उरली होती. त्यांनी पिंपळगाव राजाची काळीपिवळी पकडली.

जीपमध्ये दोन पोत्यांच्या मधे बसून त्यांनी सगळं पुन्हा मांडून पाहिलं. मुद्दाम फसवणारी बाई जुनी जोडवी ठेवताना ती घासूनपुसून, नव्यासारखी दिसतील अशी ठेवेल. निदान आतला दोरा तरी काढेल. दोरा तसाच राहिला, याचा अर्थ कुणी काही लपवत नव्हतं. चोरी नव्हतीच ती. जयमाला फोनसाठी उठली, नवी जोडवी बाईच्या पायात राहिली आणि बाई तशीच उठून घरी गेली. इथवर सगळं जुळत होतं. पण दोन दिवस नवी, जाड, घट्ट जोडवी पायात असताना त्या बाईला कळलं कसं नाही? आणि कळलं असेल तर ती गप्प का आहे?

म्हणजे चुकून नेलं, पण समजल्यावर ठेवून घेतलं. मास्तरांना हे उत्तर आवडलं नाही. दुसरं सापडतही नव्हतं.

४

तानुबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. मास्तरांची नजर आधी तिच्या पायांकडे गेली. बोटं उघडी होती.

"मालक जाऊन पाच वर्सं झाली बाप्पा," तिनं ती नजर पकडली. "माह्या पायात काय पाह्यता? जोडवी आमच्या पायलसाठी घेतली. ए पायल, पाय दाखव मास्तरले."

पायल लाजून पुढं आली. तिच्या पायात नवी जोडवी होती आणि हातात पावती. जुन्या जोडव्यांची पुडीसुद्धा तिनं आणून दाखवली. मास्तरांना शरमल्यासारखं झालं. त्यांनी खरं काय ते सांगून टाकलं.

तानुबाई शेंगा सोलायची थांबली. "त्या पोरीवर काऊन आळ घेऊन राह्यले? थे पोरगी तशी नाई. मले म्हातारीले पानी आनून देल्लं तिनं."

"मग मला एवढंच सांगा तानुबाई. पायात घट्ट चांदी बसलीय आणि बाईला समजत नाही, असं होऊ शकतं?"

"काऊन नाई होनार?" ती म्हणाली. "आमच्या मालकाचं तेच झालं. पुंजाजी म्हनजे तालुक्यात पैला पायी चालनारा मानूस. त्यायले शुगर व्हती. एक डाव थंडीत शेकोटीपाशी बसले, पाय इस्तवाच्या जवळ. कातडं जळलं, वास मले आला, त्यायले नाई समजलं. पायाचा जीवच गेल्ला व्हता. बोट काढा लागलं डाक्तरले. त्याच्या आंधी म्हैनाभर काय व्हाचं, सांगू? वावरातून याचे तं एका पायात चप्पल असे न् दुसरी धुऱ्यावर. मी हासाची बाप्पा. खूप हासाची. मले काय माहीत."

ओट्यावर ऊन आलं होतं. पायलनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला.

"मास्तर," तानुबाईनं विचारलं, "काय झालं? तुमचं तोंड काऊन असं उतरलं?"

५

परतीच्या जीपमध्ये मास्तरांनी वही उघडलीच नाही. लिहिलेली दोन्ही नावं खोडून झाली होती. न लिहिलेलं एकच नाव होतं.

तरी त्यांना ते मान्य करवत नव्हतं. चप्पल कुणाचीही निसटू शकते. शुगर अर्ध्या खामगावाला आहे. खिशात गजेंद्रकडून आणलेलं एक जुनं जोडवं पाकिटात होतं आणि ते पाकीट त्यांना आता छातीशी टोचायला लागलं.

घरी अंगणात शैलजाताई नव्हत्या. कट्ट्यावर पाण्यात रिठे भिजत घातलेले होते, लोकरीचे कपडे धुण्यासाठी. मास्तर तिथेच उकिडवे बसले आणि त्यांनी जोडवं त्या पाण्यात सोडलं. सराफही चांदी रिठ्यानंच उजळतात. पाणी गढुळलं. दोन मिनिटांनी त्यांनी जोडवं अंगठ्यानं चोळलं, दोऱ्यावरचं काळं सुटलं आणि खालचा रंग वर आला. दोरा सुती नव्हता, लोकरीचा होता. रंग मोरपंखी होता.

मास्तरांनी गळ्यातल्या मफलरचं टोक हातात घेऊन शेजारी धरलं. दोन वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत त्यांच्या शेजारी बसून शैलजाताईंनी तो विणला होता. उरलेली लोकर कुठं गेली, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. परक्या माणसांची अक्षरं, शाई, तिकिटाचा डिंकसुद्धा ते ओळखायचे, आणि ही जोडवी भिंगाखाली धरून पाहिली तेव्हा हा मफलर त्यांच्याच गळ्यात होता. स्वतःची एवढी लाज त्यांना आयुष्यात वाटली नव्हती.

शैलजाताई आत पलंगावर पडल्या होत्या. मास्तर पायथ्याशी बसले आणि त्यांनी हळूच एक मोजा ओढला.

"अहो, काय करताय?" त्या जाग्या झाल्या.

जोडवं नवं होतं, जाड, लखलखीत. बोट सुजून त्याच्या दोन्ही बाजूंनी वर आलं होतं आणि कडेला कातडी कापून जांभळी झाली होती. मोज्याला आतून रक्त लागून वाळलं होतं.

"शैला, दुखतंय का हे?"

"काय दुखतंय?" त्यांनी विचारलं.

६

एक जोडवं तेल लावून निघालं, दुसरं डॉक्टरांना कापावं लागलं. डॉक्टर मास्तरांवर रागावले, आणि रागावले ते बरंच झालं. बोट वाचेल म्हणाले, चार दिवस उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं. पायाला संवेदना नाही, ती परत येईल की नाही कोण जाणे. रोज तळपाय तपासा, गरम पाणी आधी हातानं बघा, आणि पायाच्या बोटांत काही घालू नका.

रिक्षात शैलजाताई पट्टी बांधलेल्या पायाकडे बघत होत्या. मास्तरांना वाटलं, पायाचं दुःख असेल.

"मी म्हटलं ना तिला, राहू दे," त्या मग म्हणाल्या. "ती खाली वाकलेली होती. मला वाटलं काढलं तिनं. मला बोटांचं काही समजत नाही, हे बरेच महिने झाले. सांगितलं नाही तुम्हाला. म्हटलं, वय झालं." त्यांचा आवाज फाटला. "त्या पोरीला सगळ्यांसमोर चोर म्हणाले हो, आणि चांदी माझ्या पायात होती."

"मी उद्या गजेंद्रला सांगतो."

"तुम्ही नाही. मी."

बाजाराचा दिवस होता. दुकान खच्चून भरलेलं, जयमाला मागच्या दाराशी पिशवी घेऊन उभी, तिला बहुतेक निघायला सांगून झालं होतं. मास्तरांचा हात धरून शैलजाताई आल्या. गजेंद्रनं पट्टी बांधलेला पाय पाहिला, मास्तरांनी पुढं ठेवलेल्या पाकिटातलं कापलेलं जोडवं पाहिलं आणि तो समजला. तसा तो चांगला माणूस. लगबगीनं बाहेर आला.

"काकू, आत चला, चहा घेऊ. चुकून झालं, कोणाच्यानं होत नाई? मिटलं. कोणाले सांगाची गरजच नाई."

"जयमालाला कुठं बोललास?" शैलजाताईंनी विचारलं.

"अं?"

"आत बोललास की इथं?"

गजेंद्रची नजर काउंटरकडे गेली.

"मग मीही इथंच बोलते." त्या वळल्या. आवाज मोठा नव्हता, पण काउंटरवरच्या बायका आपोआप थांबल्या. "बायांनो, तीन दिवसांपूर्वी या दुकानातून जोडवी गेली, ती मी नेली. पैसे न देता नेली. शुगरनं माझे पाय मेले आहेत, मला समजलं नाही. पण नेली मीच. या पोरीनं काही केलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी तिच्याबद्दल काही ऐकलं असेल, तर हेही ऐकून जा आणि घरी जाऊन सांगा." मग त्या गजेंद्रला म्हणाल्या, "बिल कर या जोडाचं. कापलेला आहे, परत घेऊ नकोस."

एक म्हातारी बाई उठली आणि तिनं आपली खुर्ची शैलजाताईंना दिली.

जयमाला पुढं आली होती. मास्तरांनी तिला हळूच विचारलं, "तुला पहिल्यापासून माहीत होतं ना?"

"आतला दोरा मी काढतानाच पाह्यला होता काका. काळा पडला होता, पण गाठीपाशी मफलरचाच रंग होता. छकुलीच्या शाळेतून फोन आला, तिले ताप भरला म्हणून, अन् मी उठली. आली तं काकू मोजे घालून निघाल्या होत्या. मले वाटलं, त्यायनंच आपली जुनी परत घातली."

"मग बोलली का नाहीस? फाटकापर्यंत आलीस ना?"

"आलती. काकू उन्हात बसल्या होत्या. मले म्हणाल्या, ये चहा घे." तिनं पिशवी खाली ठेवली. "काका, चुकून नेली असती तं विचारून भागलं असतं. पण विचारलं अन् काकू नाई म्हणाल्या असत्या तं? मग मी कोणाकडं पाहून जगली असती? त्याच्यापेक्षा नोकरी जावो म्हटलं."

शैलजाताईंनी तिचा हात ओढून आपल्या गालाला लावला. गजेंद्र उगाच काटा पुसत होता. थोड्या वेळानं त्यानं जोडव्यांचा मखमली ट्रे उचलला, जयमालाच्या हातात दिला आणि कपाटाची किल्ली त्या ट्रेमध्ये ठेवली.

"चुकलो मी," तो म्हणाला. मग बायकांकडे बघून पुन्हा म्हणाला, जरा मोठ्यानं. "अन् शाळेचा फोन आला तं घेत जा."

जयमालानं ट्रे घेतला. बाराव्या खणात एक जुनं जोडवं होतं, दुसरं मास्तरांच्या पाकिटातून निघालं. ती सवयीनं शैलजाताईंच्या पायाशी बसली, आणि पट्टी बघून तशीच थांबली. दोन्ही बोटं उघडी होती.

"काकू, हे कसं..." तिनं इकडेतिकडे पाहिलं. बाजूच्या बायकाही बघत होत्या.

"राहू दे उघडी," शैलजाताई म्हणाल्या. "माझा नवरा चांगला धडधाकट आहे, समोर उभा आहे. तुझ्याकडे ठेव ती. छकुलीच्या लग्नात आटवून तिला काहीतरी कर."

आता संध्याकाळी देवापुढे दिवा लागला की वैजनाथ मास्तर भिंग घेऊन बसतात. लोकांच्या बकऱ्या आणि जावई हल्ली थांबतात, आधी हे काम. ते शैलजाताईंचा एकेक पाय मांडीवर घेतात, टाचेपासून सुरू करतात आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत सगळं बघतात. मग बोटानं दाबून विचारतात.

"इथं समजतंय?"

"नाही."

"इथं?"

"नाही हो."

"आणि इथं?" ते घोट्याच्या वर दाबतात.

"हो. हात गार आहे तुमचा."

मग ते हात तिथेच ठेवतात, गरम होईपर्यंत.